चार चौकटींच्या कोपऱ्यावरचा खाणमुलूख

गडचिरोली शहराच्या दक्षिणेला सुमारे २० किलोमीटरवर २० अंश उत्तर अक्षांश आणि ८० अंश पूर्व रेखांश एकमेकांना छेदतात. भारतीय सर्वेक्षण खात्याने देश चार-चार अंशांच्या चौकटींत विभागला, तेव्हा ५५, ५६, ६४ आणि ६५ या चार चौकटींचे कोपरे नेमके इथे जुळले. चंद्रपूर आणि बल्लारपूर ५६ एम या शीटवर येतात, सिरोंचा त्याच्या खालच्या ५६ एनवर, कोरची ६४ डीवर, तर भामरागड आणि सूरजागडचा लोहखनिजाचा डोंगर ६५ एवर. साहजिकच चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन्ही जिल्ह्यांचे जुने स्थलदर्शक नकाशे पाहायचे तर वेगवेगळ्या मालिकांचे कागद शेजारी-शेजारी मांडावे लागतात.

अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत कागदावर हा मुलूख जवळजवळ कोराच होता. १७९५ मध्ये कॅप्टन ब्लंट हा इंग्रज अधिकारी चुनारहून निघून कांकेर, वैरागड या मार्गाने गोदावरीकडे गेला आणि त्याचा प्रवासवृत्तांत छापला गेला. वैरागड हे हिऱ्यांच्या खाणींसाठी अकबराच्या काळापासून ठाऊक असलेले ठिकाण. अशा प्रवासांवरून काढलेल्या नकाशात वाट, मुक्काम आणि नद्यांचे उतार यांना जागा मिळे, वाटेच्या दोन्ही अंगांना मात्र काही नसे. मोजणीचा भक्कम आधार पुढे त्रिकोणमितीय सर्वेक्षणातून आला. ते सुरू करणारा विल्यम लॅम्बटन २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाटला, म्हणजे चांद्याच्या (आजच्या चंद्रपूरच्या) वेशीवर, मरण पावला आणि सूत्रे जॉर्ज एव्हरेस्टकडे गेली.

नागपूरचे राज्य १८५३-५४ मध्ये खालसा झाल्यावर चांदा जिल्हा तयार झाला आणि नकाशाला महसुलाची निकड आली. मेजर ल्युसी स्मिथ यांचा १८६९ चा जमाबंदी अहवाल याच काळातला. जमाबंदी, राखीव जंगल आणि खनिज ही नकाशाची तीन गिऱ्हाइके. कोणता तपशील बारकाईने टिपला गेला आणि कोणता सुटला, हे बरेचसे त्यांच्या गरजांनी ठरवले.

प्लेन टेबलावर, म्हणजे तिवईवरच्या नकाशाफळ्यावर, काम करणाऱ्या सर्वेक्षकाला दुरून दिसणाऱ्या खुणा हव्यात. तो टेकडीच्या माथ्यावर चढतो, झाडे तोडून दृष्टीची रेषा मोकळी करतो आणि ज्यांची जागा आधीच ठरली आहे त्या शिखरांवरून आपली जागा काढतो. त्यामुळे उघड्या मुलखात काम भराभर होते. दाट जंगलात सर्वेक्षक माथ्यावर असला तरी खालचे नाले, पाऊलवाटा आणि वस्त्या त्याला दिसत नाहीत. म्हणून या भागाच्या जुन्या नकाशांत डोंगरमाथे जितके विश्वासार्ह, तितक्या दोन डोंगरांमधल्या वाड्या नाहीत. त्यातच माडिया आदिवासींची गावे पेंदा या फिरत्या शेतीबरोबर जागा बदलत. एका मोजणीतले गाव पुढच्या मोजणीत त्याच ठिकाणी असेलच असे नाही. नकाशाच्या सूचीत मंदिर, मशीद, थडगे यांच्या खुणा आहेत, पण सबंध डोंगरच देवाचे ठाणे असेल तर त्यासाठी खूण नाही. सूरजागडला ठाकूरदेवाची यात्रा भरते, तरी कागदावर त्या जागी तपकिरी समोच्च रेषाच दिसतात.

खनिजाची गोष्टही नकाशांतूनच पुढे सरकली. भूगर्भशास्त्रज्ञ टी. डब्ल्यू. एच. ह्यूज यांचा वर्धा खोऱ्यातल्या कोळशाचा ग्रंथ १८७७ मध्ये आला. वरोऱ्याची सरकारी खाण त्याआधीच सुरू झाली होती आणि ती १९०६ मध्ये बंद पडली. चांदा जिल्ह्यातल्या लोहाऱ्याच्या डोंगरातले लोखंड उत्तम, हे १८८२ च्या फॉन श्वार्ट्झ यांच्या अहवालात नमूद होते. तोच अहवाल जमशेटजी टाटांच्या हाती पडला, पण जवळचा वरोऱ्याचा कोळसा त्या लोखंडाच्या भट्टीला चालेना. विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांचे पुत्र दोराबजी आणि अमेरिकन भूगर्भतज्ज्ञ सी. एम. वेल्ड चांद्यात शोध घेत होते. साठा पुरेसा नाही असे दिसल्यावर दोराबजी तसे कळवायला नागपूरला आले. आयुक्तांची वाट पाहताना ते समोरच्या संग्रहालयात शिरले आणि तिथे त्यांना मध्य प्रांताचा रंगीत भूगर्भीय नकाशा दिसला. दुर्ग जिल्ह्याच्या भागात लोखंड दाखवणारा गडद रंग होता. शोध दल्ली-राजहराकडे वळला. टाटांचा कारखाना शेवटी मयूरभंजच्या खनिजावर जमशेदपूरला उभा राहिला, तर दल्ली-राजहराचा उपयोग कित्येक दशकांनी भिलाईच्या पोलाद कारखान्याला झाला. अर्थात असा भूगर्भीय नकाशा काढायलाही खाली स्थलदर्शक नकाशाच लागतो, हे या गोष्टीत सहसा कुणी सांगत नाही.

१९०५ नंतर एक इंच म्हणजे एक मैल हे प्रमाण देशभर ठरले. मेट्रिक पद्धत आल्यावर त्याची जागा १:५०,००० ने घेतली. अशा एका शीटवर साधारण २८ किलोमीटर उत्तर-दक्षिण आणि २६ किलोमीटर पूर्व-पश्चिम मुलूख मावतो. जुने शीट आणि ताजे उपग्रहचित्र शेजारी ठेवले की बदल चटकन दिसतात. चंद्रपूरच्या कोळसापट्ट्यात उघड्या खाणींचे खड्डे आणि त्यांच्याभोवतीच्या मातीच्या ढिगाऱ्यांनी जुन्या समोच्च रेषा मोडून काढल्या आहेत. इरई धरणाखाली गेलेले खोरे फक्त जुन्या कागदावर उरले आहे. सूरजागडला एकेकाळच्या सलग रेषांच्या जागी आता खाणीच्या पायऱ्या आहेत. पण जमिनीखालच्या पोकळ्या या नकाशांत सापडायच्या नाहीत. फार तर खाणीचे तोंड दाखवलेले असते, आतल्या बोगद्यांसाठी खाणीचा स्वतंत्र आराखडाच लागतो.

जुना नकाशा जीपीएसवर जसाच्या तसा चढवता येत नाही, ही आणखी एक अडचण. जुनी शीटे पृथ्वीच्या आकारासाठी धरलेल्या, एव्हरेस्टच्या नावाच्या लंबगोलावर मोजलेली आहेत आणि आजचा जीपीएस वेगळ्याच मापावर चालतो. या भागात दोहोंतला फरक शंभर-दोनशे मीटरचा पडतो. जंगलाच्या कडेला लागलेल्या खाणपट्ट्यासाठी किंवा गावाच्या शिवेसाठी एवढा फरक भांडणाला पुरेसा आहे.

वनहक्क कायदा २००६ मध्ये झाला आणि त्याच्या नियमांनी दाव्याचा पुरावा म्हणून गॅझेटिअर, जमाबंदीचे अहवाल यांच्याबरोबर नकाशेही मान्य केले. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. जुन्या नकाशात जे गाव आहे, त्याच्या दाव्याला हा कागद आधार देतो. जे गाव सर्वेक्षकाला झाडीतून दिसलेच नाही किंवा तेव्हा दुसरीकडे वसले होते, त्याने मात्र नकाशात नसणे म्हणजे जमिनीवर नसणे असे कुणाला मानू देऊ नये. सुदैवाने कायद्याला नकाशाशिवाय वडीलधाऱ्यांची साक्षही चालते.

ही शीटे कित्येक वर्षे सामान्य माणसाला सहज मिळत नसत. २००५ च्या नकाशा धोरणाने नागरिकांसाठी वेगळी खुली मालिका काढली आणि २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनी बरीच बंधने उठवली. जुन्या काळासाठी आणखी एक सोय आहे. अमेरिकन लष्कराने भारतीय शीटांवरून १९५० च्या दशकात १:२,५०,००० प्रमाणाचे नकाशे काढले होते. टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयाने ते सर्वांसाठी खुले ठेवले आहेत. त्यात वाडी-वस्तीचा तपशील थोडा, पण खाणी पसरण्याआधीचे डोंगर आणि नद्या स्वच्छ दिसतात.