गोडी डब्यात की गाण्यात?

मिक्सर घ्यायचा असला तर आपण चार दुकानं हिंडतो. सक्करदऱ्याच्या बुधवार बाजारात भाजीवाल्यालाही सहजासहजी सोडत नाही. पण घरात गाण्याचं यंत्र यायचं झालं की आपण गप्प! 'त्यातलं मला काय कळतं?' म्हणत चहा टाकायला आत जातो. मैत्रिणींनो, पैसा आपल्याच घरचा जातो ना? आणि कान तर आपल्यालाही दोनच दिले आहेत देवाने.

सध्या हौशी घरांतून दोन वस्तूंची चर्चा असते. एक 'डॅक' आणि दुसरी 'म्युझिक सर्व्हर'. नावं अवघड असली तरी काम सोपं आहे. १९८२ साली बाजारात आलेल्या सीडीवर गाणं असतं ते आकड्यांच्या रूपात. एका सेकंदात ४४,१०० वेळा आवाजाचं माप घेऊन ते आकडे लिहून ठेवलेले असतात. या आकड्यांची पुन्हा विजेची लहर करतो तो डॅक. स्पीकर हलतो तो त्या लहरीने. म्हणजे डॅक तुमच्या-माझ्या घरी आधीपासूनच आहे. मोबाईलमध्ये, टीव्हीत, सीडी प्लेअरमध्ये लपलेला! बाजारात मिळतो तो वेगळ्या डब्यातला. काही हजारांपासून थेट लाखांपर्यंत.

म्युझिक सर्व्हर म्हणजे गाण्यांचं कपाट. सगळ्या सीडी त्यात एकदा भरून ठेवायच्या आणि बसल्या जागेवरून हवं ते लावायचं. एक टेराबाईटच्या डिस्कमध्ये दोन हजारांहून जास्त सीडी, आवाजाला धक्का न लावता, मावतात. सोय मोठी आहे, यात वादच नाही. पण कपाट बदललं म्हणून साडीचा पोत बदलतो का?

मागच्या दिवाळीत भाचा आमच्याकडे नंदनवनला आला तो हे दोन्ही डबे घेऊनच. "मामी, जमीन-अस्मानाचा फरक आहे बघ," म्हणाला. त्याने लावून दाखवलं तेव्हा डब्याचा आवाज खरंच भरीव वाटला. पण तो थोडा मोठाही होता! आपल्या कानांची ही जुनीच खोड आहे. जरासा मोठा आवाज त्यांना जास्त गोड वाटतो. म्हणून मी म्हटलं, आता परीक्षा माझ्या पद्धतीने.

भजनी मंडळातल्या चौघींना बोलावलं. मोबाईलवरच्या मापकाने दोन्हीकडचा आवाज सारखा करून घेतला. आम्ही यंत्राकडे पाठ करून बसलो. काय लावलं ते भाचा चिठ्ठीवर लिहायचा, आम्ही ओळखायचं, असं दहा वेळा. निवडलं काय? वसंतराव देशपांड्यांचं गाणं, ज्यांच्या नावाचं सभागृह आपल्या सिव्हिल लाईन्समध्ये आहे ते! आणि दुसरं खंजिरीवरचं भजन. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांमुळे खंजिरी आपल्या विदर्भाच्या कानात बसलेली. तिच्या झांजांची किणकिण हा बारीक, उंच आवाज. यंत्र कुठे कमी पडलं तर इथे कळावं.

आधी साधा सीडी प्लेअर आणि तो महागडा डॅक. कोणाचे दहापैकी पाच बरोबर, कोणाचे सहा. नाणं उडवलं असतं तरी तेवढंच आलं असतं! मग एकाच भजनाच्या दोन प्रती लावल्या. एक सीडीवरची, दुसरी कधीकाळी मोबाईलसाठी उतरवलेली, दाबून लहान केलेली. सीडीवरचं एका मिनिटाचं गाणं साधारण दहा एमबी जागा घेतं, ही प्रत जेमतेम एक एमबी. शेजारच्या काकूंनी दहाच्या दहा वेळा ओळखलं. "अगं, हिच्यात खंजिरी वाळूसारखी वाजते," म्हणाल्या. यंत्राची माहिती शून्य, पण चाळीस वर्षं भजनात बसलेला कान!

वय वाढतं तसे उंच आवाज आधी ऐकू येईनासे होतात आणि सरासरीने पुरुषांत हे लवकर होतं. तेव्हा गाण्याचं यंत्र घेताना घरातल्या बायकांना विचारलंच पाहिजे, काय?

वेगळा डॅक कधी घ्यावा? मोबाईलला हेडफोनचं छिद्रच नसेल किंवा जुन्या कॉम्प्युटरमधून सतत खरखर येत असेल, तर जरूर घ्यावा, आणि तोही स्वस्तातला चालतो. बाकी पैसा आधी स्पीकरवर घालावा. फरश्यांच्या रिकाम्या खोलीत आवाज घुमतो. जाड पडदे लावा, खाली सतरंजी घाला. आणि मे महिन्यात कूलर घोंघावत असताना कुठलाच डबा पारखू नका, बायांनो!

शेवटी महत्त्वाचं. डॅक आकड्यांतून आवाज काढतो, पण जे जपलंच नाही ते तो कुठून आणणार? अनेक घरांत सासूबाईंच्या, आजीच्या आवाजातल्या कॅसेट पडून आहेत. पावसाळ्यात त्यांना बुरशी लागते, फीत चिकटते. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी गावोगावच्या बायकांच्या एक लाखाहून जास्त जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, कित्येक ध्वनिमुद्रितही झाल्या. म्हणून त्या दोघांच्या माघारीही, २०१७ पासून 'पारी'च्या संकेतस्थळावर आपण त्या ऐकू शकतो. नाहीतर ते आवाज त्या बायांबरोबरच गेले असते.

कॅसेटवरून आकड्यांत आवाज उतरवायला डॅकच्या उलटं काम करणारं छोटं यंत्र लागतं. चालू स्थितीतला टेप आणि घरातला कॉलेजात जाणारा मुलगा किंवा मुलगी, एवढं असलं की दोन-तीन रविवारांत काम होतं. प्रत दाबून लहान करू नका आणि दोन ठिकाणी ठेवा, कारण डिस्कही एक दिवस बंद पडते. नवा डबा पुढच्या दिवाळीतही मिळेल. कॅसेटवरचा तो आवाज मात्र पुन्हा कुठल्याच दुकानात मिळायचा नाही.