पावसाचा हिशेब

वैशाख संपत आला म्हणजे वर्धा जिल्ह्यातील काळी जमीन पाहावी. उन्हाने पारा ४५ अंशांच्या घरात गेलेला असतो. मातीला हात जाईल एवढ्या रुंद भेगा पडलेल्या असतात. शेतकरी शेत वखरून, बियाणे घरात आणून पावसाची वाट पाहत असतो. जूनच्या पहिल्या आठवड्यात मृग नक्षत्र लागते. एखाद्या सायंकाळी विजा कडाडतात, तासभर धो धो पाऊस कोसळतो आणि घरोघर एकच प्रश्न निघतो : 'आता पेरणी करावी काय?'

या प्रश्नाचे उत्तर नुसते अंगण भिजलेले पाहून देता येत नाही. एका सरीने नाला वाहू लागतो, परंतु ओल जमिनीत कित्येकदा चार बोटेही उतरलेली नसते. तेवढ्या ओलीवर बी पेरले, ते उगवले आणि पुढे पंधरा दिवस पावसाने दडी मारली, तर कोवळे अंकुर करपून जातात. मग दुबार पेरणी करावी लागते. बियाणे पुन्हा विकत आणावे लागते, मजुरी पुन्हा द्यावी लागते आणि पुष्कळदा कर्जही पुन्हा काढावे लागते. म्हणूनच कृषितज्ज्ञ सांगतात की, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय कोरडवाहू शेतात कपाशी किंवा सोयाबीन पेरू नये. पण तेवढा पाऊस झाला की नाही, हे ठरवावयाचे कसे? त्याकरिता पाऊस मोजला पाहिजे.

पाऊस मिलिमीटरमध्ये मोजतात, म्हणजे काय करतात? अशी कल्पना करा की, पडलेल्या पावसाचा एकही थेंब वाहून गेला नाही, जमिनीत मुरला नाही किंवा वाफ होऊन उडाला नाही. तर सपाट जमिनीवर पाण्याचा जेवढा उंच थर साचेल, तेवढा पाऊस पडला असे म्हणावयाचे. उभ्या काठांची रुंद परात व तशाच उभ्या काठांचा अरुंद डबा शेजारी शेजारी पावसात ठेवा. परातीत पाणी अधिक जमेल, पण दोन्हींतील पाण्याची उंची सारखीच भरेल. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. या हिशेबाने एक हेक्टर शेतावर १०० मिलिमीटर पाऊस झाला, तर दहा लाख लिटर पाणी पडले!

हवामान खात्याच्या साध्या पर्जन्यमापकात वर एक नरसाळे व खाली पाणी साठविण्याचे भांडे असते. नरसाळ्यामुळे साठलेल्या पाण्याची फारशी वाफ होत नाही. हे यंत्र झाडे व भिंती यांपासून दूर, मोकळ्या जागी बसवितात. रोज सकाळी साडेआठ वाजता भांड्यातील पाणी खुणा केलेल्या काचेच्या मापात ओतून मागील चोवीस तासांचा पाऊस नोंदवितात. त्या काळात किमान २.५ मिलिमीटर पाऊस पडला असेल, तरच तो 'पावसाचा दिवस' समजला जातो. भारतीय हवामान खात्याची स्थापना १८७५ साली झाली. अशा नोंदी वर्षानुवर्षे ठेवल्यामुळेच वर्धा जिल्ह्यात वर्षाकाठी सरासरीने सुमारे १००० मिलिमीटर पाऊस पडतो, हे आपल्याला सांगता येते. आता आपोआप नोंद करणारी यंत्रेही ठिकठिकाणी बसविलेली आहेत.

एवढे पाणी येते तरी कोठून? सूर्याच्या उष्णतेने समुद्राच्या पाण्याची वाफ होते. उन्हाळ्यात जमीन समुद्रापेक्षा अधिक तापते, तिच्यावरील हवा हलकी होऊन वर जाते आणि समुद्रावरील बाष्पाने भरलेले वारे देशात शिरतात. अरबी समुद्रावरून येणारे वारे सह्याद्रीला अडतात व आपले पुष्कळसे पाणी कोकणात आणि घाटमाथ्यावर टाकतात. वर्धा तेथून फार दूर आहे. येथे जुलै-ऑगस्टमध्ये लागणारी झड बहुधा बंगालच्या उपसागरात निर्माण होऊन पश्चिमेकडे सरकणाऱ्या कमी दाबाच्या क्षेत्रांमुळे येते.

आता पडलेले पाणी कोठे जाते, तेही पाहू. पवनारच्या आश्रमापाशी वाहणारी धाम नदी वणेला मिळते. वणा हिंगणघाटावरून पुढे जाऊन वर्धा नदीला मिळते. वर्धा व वैनगंगा एकत्र आल्या की त्यांची प्राणहिता होते. प्राणहिता गोदावरीला मिळते आणि गोदावरी बंगालच्या उपसागरात जाते. म्हणजे ज्या समुद्रावरून आपल्याकडे ढग येतात, त्याच समुद्राकडे आपले पाणी परत जाते. यालाच जलचक्र म्हणतात.

हे चक्र मनुष्याला थांबविता येत नाही. मात्र पाणी वाटेत काही काळ थोपवून धरता येते. ६० मिलिमीटर पाऊस तीन दिवस रिमझिम पडला, तर त्याचा मोठा भाग जमिनीत मुरतो. तोच पाऊस एका तासात कोसळला, तर बराचसा वाहून जातो आणि जाताना सुपीक मातीही नेतो. शेताला बांध घातले, उताराला आडवी पेरणी केली, नाल्यावर बंधारा बांधला व झाडे राखली, तर धावते पाणी चालू लागते आणि चालते पाणी मुरू लागते. तेच पाणी हिवाळ्यात हरभऱ्याला ओल देते व उन्हाळ्यात विहिरीतून आपल्या घागरीत येते.

हा हिशेब तुम्हालाही ठेवता येईल. उभ्या काठांचा, सपाट बुडाचा एक डबा उघड्यावर, वाऱ्याने पडणार नाही असा ठेवा. रोज सकाळी ठरलेल्या वेळी पट्टीने पाण्याची उंची मोजा, वहीत लिहा व डबा रिकामा करा. आठवड्यातून एकदा, वडील माणसांना बरोबर घेऊन, दोरीला दगड बांधून गावच्या विहिरीचे पाणी किती खोल आहे तेही मोजा आणि पावसाच्या आकड्याशेजारी लिहा. किती पाणी पडले हे पहिला आकडा सांगेल. त्यातील गावाच्या हाती काय लागले, याचा अंदाज दुसऱ्यावरून येईल. पुढच्या वर्षी मृगाची पहिली सर आल्यावर घरात पेरणीची गोष्ट निघेल, तेव्हा आपली वही घेऊन वडिलांजवळ बसा.