दोन खुणांची लिपी, आठ खुणांची भाषा

सोलापुरी चादरीवरचा मोर मागावर विणला जाण्याआधी पुठ्ठ्याच्या पत्त्यांवर लिहिला जातो. नक्षी प्रथम चौकटींच्या कागदावर घर न् घर भरून काढतात, मग ओळीमागून ओळ पत्त्यांवर छिद्रे पाडून उतरवतात आणि दोरीने ओवलेली त्यांची माळ जेकार्डवर चढवतात. छिद्र असेल तेथे सुई आत शिरून ताण्याचा धागा उचलला जातो, नसेल तेथे तो खालीच राहतो, आणि मधल्या फटीतून धोटा बाण्याचा धागा घेऊन जातो. फ्रान्समधील लियाँ शहरात जोसेफ मारी जाकार यांनी १८०४ च्या सुमारास सिद्ध केलेल्या या यंत्राची लिपी अवघ्या दोन खुणांची आहे.

संगणकाची भाषा किती थोड्या खुणांत भागेल, हा प्रश्न याच जातीचा आहे. रोजच्या व्यवहारापेक्षा असा एखादा विचार कसाला लावण्यासाठी रचलेल्या भाषांना एसोटेरिक भाषा म्हणतात. अर्बन म्युलर यांनी १९९३ मध्ये अमिगा संगणकासाठी रचलेल्या अशा भाषेत आठच आज्ञा आहेत: घरांच्या रांगेत उजवीकडे किंवा डावीकडे सरकणे, घरातील आकडा एकाने वाढवणे किंवा घटवणे, एक अक्षर आत घेणे किंवा बाहेर देणे, आणि चौकोनी कंस उघडणे व मिटणे. समोरच्या घरात शून्य येईपर्यंत कंसातील आज्ञा पुन्हा पुन्हा पाळल्या जातात. पहिल्या घरात ३ आणि शेजारी २ असताना ‘कंस उघड, घटव, उजवीकडे, वाढव, डावीकडे, कंस मिट’ एवढे लिहिले, की तीन फेऱ्यांत पहिले घर रिकामे होते आणि शेजारी ५ उरतात.

कोणती खूण गाळता येणार नाही हे ओळखण्यात रचनाकाराचे खरे कसब आहे. घरातील आकडा २५५ नंतर शून्यावर येत असेल, तर ‘घटव’ ही आज्ञाही गाळता येते, कारण २५५ वेळा वाढवणे म्हणजे एकदा घटवणेच होय. कंस मात्र गाळला, तर लिहिलेल्या आज्ञा एकदा पाळून काम संपते, आणि घरात काय उरले ते पाहून पुढचे पाऊल ठरवण्याची शक्तीच जाते. जाकारचे पत्ते आपल्या नियोजित गणनयंत्रासाठी घेताना चार्ल्स बॅबेज यांनी नेमकी हीच भर घातली होती, की हिशेबाच्या निकालानुसार पत्त्यांची माळ पुढे किंवा मागे सरकावी. सोलापूरच्या मागावर ती एकाच क्रमाने फिरत राहते, आणि चादर पुरेशी लांब झाली की नाही हे मागाशी उभा असलेला विणकर पाहतो.