यवतमाळ टू बुलढाणा, व्हाया कपाशी

डिग्री हातात पडली, बॅग भरली, गाव सोडलं आणि थेट पुणं नाही तर मुंबई गाठली. तुमच्या-आमच्यापैकी निम्म्यांची स्टोरी हीच. यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वरच्या एका तरुण वाघाची स्टोरीही साधारण अशीच आहे. फरक इतकाच, की आपल्याला ट्रेनचं रिझर्व्हेशन मिळतं. त्याला मात्र सगळा प्रवास पायी, तोही रात्रीचा, लपतछपत. आणि इतकं चालून पोचल्यावर जोडीदार मिळेलच याची काही गॅरंटी नाही!

जमिनीवरचं बेट

नागपूरहून हैदराबादच्या रस्त्याला लागलात की पांढरकवडा येतं. तिथून जवळच टिपेश्वर. टिपाई देवीच्या नावावरून पडलेलं हे नाव. १९९७ मध्ये याला अभयारण्याचा दर्जा मिळाला. क्षेत्रफळ सुमारे १४८ चौरस किलोमीटर. सागाचं जंगल, नाले, पाणवठे, चितळ, नीलगाई, रानडुकरं... वाघाला आणखी काय पाहिजे?

पाहिजे ती जागा. कारण या जंगलाच्या चहूबाजूंना कपाशी, तूर, गावं आणि रस्ते आहेत. म्हणजे टिपेश्वर हे एक बेटच म्हणायचं, फक्त भोवती समुद्र नाही. खऱ्या बेटावरच्या प्राण्यांची पंचाईत आपल्याला लगेच कळते. निकोबारची लांब शेपटीची माकडं जगात फक्त तीन बेटांवर सापडतात. तिथलं जंगल गेलं तर ती बिचारी पोहून जाणार कुठे? टिपेश्वरच्या वाघाचा प्रश्न तसाच. फक्त त्याच्याकडे एक ऑप्शन आहे. तो चालू शकतो.

आई घराबाहेर काढते तेव्हा

वाघाचं पिल्लू साधारण दोन वर्षांचं होईपर्यंत आईच्या जिवावर जगतं. मग आईचा मूड बदलतो. मुली शक्यतो आईच्या शेजारीपाजारी इलाका धरतात. मुलांना मात्र लांब जावं लागतं. चांगल्या जागा मोठ्या नरांनी आधीच अडवलेल्या असतात. झाडावर नखांचे ओरखडे, झुडपांवर मूत्राचे फवारे. वाघांच्या जगात हेच व्हिजिटिंग कार्ड आणि हाच 'नो एन्ट्री'चा बोर्ड.

वानरांमध्येही तरुण नर कळपाबाहेर पडतात. पण ते पोरापोरांची टोळी करून हिंडतात, बॅचलर्सच्या रूमसारखं! वाघाच्या नशिबी तेही नाही. उलट तो दिसला रे दिसला, की झाडावरचं वानर खॅक-खॅक करून अख्ख्या जंगलाला ब्रेकिंग न्यूज देतं.

भेटा वॉकरला

फेब्रुवारी २०१९ मध्ये टिपेश्वरच्या एका तरुण नराला शास्त्रज्ञांनी रेडिओ कॉलर लावली. जूनमध्ये साहेब निघाले. तेलंगणातलं आदिलाबाद, आपलं पैनगंगा अभयारण्य, हिंगोली, वाशिम, अकोला... डिसेंबरमध्ये पोचले थेट बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात. सरळ रेषेत नव्हे. वळत, परत फिरत, नवे रस्ते शोधत. कॉलरच्या नोंदींनुसार नऊ महिन्यांत त्यानं ३,००० किलोमीटरहून जास्त पायपीट केली. लोकांनी त्याचं नाव ठेवलं 'वॉकर'.

दिवसा नाल्यात किंवा उभ्या पिकात दडायचं, रात्री चालायचं, हा त्याचा फंडा. वाटेत रानडुकरं आणि गुरं खाल्ली. माणसांशी भांडण म्हणाल तर एकच. तो झोपला होता त्या झुडपात काही जण शिरले आणि एकाला किरकोळ जखम झाली. इतक्या गावांच्या कडेनं जाऊनही एवढंच! ज्ञानगंगेत त्याला खायला भरपूर मिळालं, पण वाघीण नव्हती. तिकडे एखादी वाघीण नेऊन सोडावी का, यावर वनखात्यात बराच खल झाला.

आणि वॉकर काही एकटा नाही. मार्च २०२१ मध्ये टिपेश्वरचाच एक वाघ सुमारे ३३० किलोमीटरवरच्या गौताळा अभयारण्यात, म्हणजे छत्रपती संभाजीनगरच्या बाजूला, कॅमेऱ्यात सापडला. डिसेंबर २०२४ मध्ये आणखी एक थेट धाराशिवच्या येडशीला जाऊन पोचला. थोडक्यात काय, तर हे बेट वाघ एक्सपोर्ट करतंय.

नाण्याची दुसरी बाजू

शहरात बसून 'सेव्ह टायगर' म्हणणं सोपं आहे. पण याच जिल्ह्यात, पांढरकवडा-राळेगावच्या पट्ट्यात, 'अवनी' ऊर्फ टी-१ वाघिणीच्या नावावर १३ माणसांचे बळी नोंदले गेले. तिला जाळ्यात ओढण्यासाठी 'ऑब्सेशन' हा महागडा परफ्यूम वापरायचाही बेत झाला होता. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री तिला गोळी घालण्यात आली. मागे तिचे दोन बछडे उरले. देशभर गदारोळ झाला. पण कापूस वेचायला शेतात जायला घाबरणाऱ्या बायांचं काय, हा प्रश्न त्या गदारोळात जरा मागेच राहिला.

अभयारण्याबाहेर पडलेला प्रत्येक वाघ कुणाच्या तरी शेतातून जाणार आहे. गाय मारली गेली आणि भरपाई हातात पडायला महिनोन्‌महिने लागले, तर शेतकऱ्याचा संयम सुटणारच. रानडुकरांसाठी कुंपणात सोडलेल्या करंटनं वाघ मेल्याच्या घटना विदर्भात घडल्या आहेत. म्हणून वेळेवर मिळालेला भरपाईचा चेक हेही वाघ वाचवण्याचं हत्यार आहे, कॅमेऱ्या-कॉलरइतकंच.

रस्ता कुणाचा?

दुसरं हत्यार म्हणजे रस्त्याखालचा रस्ता. पांढरकवड्यावरून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४ पुढे नागपूरच्या उत्तरेला पेंचच्या जंगलातून जातो. तिथे प्राण्यांसाठी ९ भुयारी मार्ग आणि पूल बांधलेत. सगळ्यात लांब आहे ७५० मीटरचा. वरून ट्रक, खालून वाघ! आणि वाघ ते वापरतात, हे कॅमेऱ्यांत दिसलंय.

वॉकर चालला तेव्हा समृद्धी महामार्ग सुरू झालेला नव्हता. त्याचा नागपूर-शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला. आज एखादा वाघ टिपेश्वरहून ज्ञानगंगेकडे निघाला, तर त्याला तो ओलांडावा लागेल. समृद्धीवरही प्राण्यांसाठी ओव्हरपास, अंडरपास आहेत. पण त्यांच्या दोन्ही तोंडांना झुडपं आणि नाले शाबूत राहिले, तरच वाघ तिथवर पोचणार. नाही तर तो नुसताच काँक्रीटचा शो.

जंगलाला कुंपण घालून वाघ वाचतो, हा समज आता सोडायला हवा. कुंपणाआतला वाघ आजचा. उद्याचा वाघ असतो तो दोन जंगलांच्या मधल्या नाल्यात. पुढच्या वेळी रात्री त्या बाजूनं ड्राइव्ह करत असाल, तर स्पीड थोडा कमी ठेवा. कुणी तरी नव्या घराच्या शोधात निघालेलं असू शकतं.

जाणार असाल तर

* नागपूर-हैदराबाद महामार्गावरून पांढरकवडा गाठा. सुन्ना आणि माथनी ही तिथली परिचित गेट.
* पावसाळ्यात साधारणपणे सफारी बंद असते. चौकशी करूनच निघा.
* वानर ओरडलं की गप्प बसा. त्याला आपल्यापेक्षा जास्त दिसतं!