ताटातील धान्यवैविध्य आणि रक्तक्षय

रुग्णालयाच्या वार्षिक अहवालात धान्याविषयी लेख कशासाठी, असा प्रश्न आमच्या हितचिंतकांस पडणे स्वाभाविक आहे. गर्भवती स्त्रियांची रक्ततपासणी होते, लोहाच्या गोळ्या दिल्या जातात. परंतु गोळ्या संपल्यानंतर घरच्या ताटात काय असते, हा प्रश्न उरतोच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील सुमारे ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. पाच वर्षांखालील बालकांत हे प्रमाण सुमारे ६९ टक्के होते. आधीच्या फेरीपेक्षा दोन्ही आकडे वाढले आहेत. रक्तक्षयाची कारणे अनेक आहेत. आहार हे त्यांपैकी एक.

महाराष्ट्राचे धान्य एकच असे कधी नव्हते. सोलापूर-मराठवाड्यात रब्बीची ज्वारी, नाशिक-नगरकडे बाजरी, कोकणात व सह्याद्रीच्या उतारांवर भाताच्या जोडीला नाचणी आणि वरी. हरितक्रांतीनंतर सरकारी खरेदी व रेशन यांचा भर गहू-तांदळावर राहिला आणि अनेक घरांतील भाकरी मागे पडली. ज्यांनी १९७२ चा दुष्काळ पाहिला ते रेशनच्या धान्यास नावे ठेवणार नाहीत. आम्हीही ठेवत नाही. पोट भरले, ताट मात्र एकसुरी झाले.

वाणिज्य शाखेच्या संस्कारामुळे असेल, आम्हांस आकडे लवकर पटतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांनुसार १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३६४ मिलिग्रॅम कॅल्शियम असते. गव्हात सुमारे ३९, तर पॉलिश केलेल्या तांदळात ८ हूनही कमी. बाजरीत लोह ६ मिलिग्रॅमहून अधिक, पॉलिशच्या तांदळात एक मिलिग्रॅमही नाही. मात्र ज्वारीतील लोह जवळपास गव्हाइतकेच, आणि नाचणीतील प्रथिने तांदळाहूनही किंचित कमी. एका धान्याची उणीव दुसरे भरून काढते. त्यामुळे नाचणीलाच सर्वगुणसंपन्न ठरविणाऱ्या जाहिरातींवर आमचा फारसा विश्वास नाही.

एकाच पिकाच्या वाणांतही फरक असतो. राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ व इक्रिसॅट यांच्या प्रयत्नांतून २०१२ मध्ये आलेला बाजरीचा ‘धनशक्ती’ हा वाण अधिक लोहासाठीच निवडलेला आहे.

अर्थात धान्यातले सारे लोह रक्तात उतरत नाही. कोंड्यातील फायटेट हा घटक ते बांधून ठेवतो. धान्यास मोड आणल्याने किंवा पीठ आंबविल्याने तो कमी होतो. नाचणीचे सत्त्व आणि आंबील करणाऱ्या आपल्या आजींची रीत शास्त्राला धरूनच होती. जेवणात लिंबू किंवा आवळा असावा. जेवणास लागून चहा घेतल्यास लोहाचे शोषण घटते, हे नातेवाइकांनी आवर्जून ध्यानात ठेवावे. मात्र भाकरी सुरू केली म्हणून डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या परस्पर बंद करू नयेत.

रुग्णांच्या भोजनासाठी धान्यरूपाने साहाय्य करणाऱ्या दात्यांस विनंती, की गहू-तांदळाबरोबर ज्वारी, बाजरी व नाचणीचाही विचार व्हावा. धान्य निवडलेले व कोरडे असावे. बाजरीचे पीठ थोड्याच दिवसांत कडवट होते; म्हणून ती दळून न देता अख्खीच द्यावी.