नाण्यावरची दुहेरी अक्षरे: खरी कोणती, फसवी कोणती

लोणावळ्यात चिक्की घेतल्यावर परत आलेल्या सुट्ट्या पैशांत कधी असे नाणे निघते, की त्यावरचे साल दोनदा उमटल्यासारखे वाटते. लगेच हुरळून जाऊ नये. बहुतेक वेळा ते दर्शनी किमतीचेच असते.

आधी नाणे घडते कसे ते पाहू. टांकसाळीत उठावाचा एक मूळ ठसा असतो, त्याला हब म्हणतात. तो पोलादात दाबला की खोलगट साचा होतो, तो डाय. हा डाय कोऱ्या चकतीवर आदळला की नाणे तयार. पूर्वी एक डाय घडवायला हब दोन-तीनदा दाबत. मधल्या वेळी तो किंचित सरकला, तर साच्यातच अक्षरे दुहेरी उमटत. हाच खरा 'डबल्ड डाय'. अमेरिकेचे १९५५ चे एक सेंटचे नाणे यासाठीच प्रसिद्ध आहे.

आता दहापट भिंग घ्या, उजेड बाजूने येऊ द्या आणि अक्षरांची टोके पाहा. खऱ्या प्रकारात टोक दुभंगलेले असते, कोपऱ्यात खाच असते. दोन्ही ठसे गोलसर, उठावदार असतात आणि अक्षर जाड दिसते.

सर्वाधिक फसगत होते ती पुढच्या प्रकारात. डाय ढिला असला की आघातानंतर हलतो आणि नुकत्याच उमटलेल्या अक्षराची कड चेपतो. नाणे जरा तिरपे करा: अक्षराला लागून सपाट, चकचकीत पायरी दिसेल, आणि अक्षर मुळापेक्षा बारीक झालेले असेल. याला 'मशीन डबलिंग' म्हणतात. संग्राहक त्याला जादा किंमत देत नाहीत. झिजलेल्या डायची अक्षरेही फुगीर, धूसर दिसतात. अशी नाणीही सोडून द्या.

तरी शंका उरली, तर त्याच सालाची, त्याच टांकसाळीची नाणी जमवा. मुंबईची खूण म्हणजे सालाखालचा छोटा हिरा. एकाच दुहेरी डायची सगळी नाणी सारखीच दिसतात. ढिल्या डायची मात्र कमीजास्त सरकलेली.

मावळात कुणाच्या देव्हाऱ्यात शिवराई असेल, तर तिला हे निकष लावू नयेत. ती हातोड्याच्या घावाने पाडलेली. चकती हलून दुसरा घाव बसला की 'छत्रपति' दोनदा उमटे, आणि तेही प्रत्येक नाण्यावर वेगळे. दुदांडी शिवराईवरच्या दोन रेघा तर मुळातलीच नक्षी आहे. अशी नाणी चिंच लावून घासू मात्र नका. वर्षानुवर्षे चढलेला काळपट थर गेला की मोल उतरते.

नाणे विकत घेतो म्हणून कुणी आधी शुल्क किंवा कमिशन मागितले, तर एक पैसाही देऊ नका. आपल्या नावाने असे पैसे मागणाऱ्यांपासून सावध राहा, असे रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्येच जाहीर केले आहे.