मोरस साखर आणि मॉरिशसमधील मराठी वस्ती

आमच्या लहानपणीं घरांतील वडील माणसें पांढऱ्या दाणेदार साखरेस 'मोरस' म्हणत. हा शब्द मूळचा कोठला, असा प्रश्न तेव्हां मनांत आला नाहीं. पुढें संस्कृताच्या अध्ययनांत 'शर्करा' शब्दाचा पश्चिमेकडील प्रवास शिकलों. तो फारशींत 'शकर', अरबींत 'सुक्कर' होऊन युरोपांत गेला, हें आम्ही विद्यार्थ्यांसही सांगत आलों. परंतु घरांतल्या डब्यांतील 'मोरस' म्हणजे मॉरिशस बेटाचेंच नांव होय, हें फार उशिरां ध्यानांत आलें. ही साखर ज्या शेतांतून येई, त्या शेतांत मराठी माणसेंही राबत होतीं. त्यांचा इतिहास कोणत्या कागदांतून लिहितां येईल, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

मॉरिशस हें हिंदी महासागरांतील सुमारें 2040 चौरस किलोमीटर विस्ताराचें राष्ट्र. तेथें मूळची मनुष्यवस्ती नव्हती. 1598 मध्यें डच लोक उतरले व त्यांनीं आपल्या राजपुत्र मॉरिसचें नांव बेटास दिलें. 1710 मध्यें ते बेट सोडून गेले. 1715 मध्यें फ्रेंच आले. 1735 पासून गव्हर्नर असलेल्या लाबुर्दोनेनें पोर्ट लुई बंदर उभारलें व ऊस वाढविला. 1810 मध्यें इंग्रजांनीं बेट जिंकलें. परंतु फ्रेंच भाषा व कायदा पुष्कळ अंशीं तसाच राहिला. या गोष्टीचें प्रयोजन पुढें कळेल.

1835 मध्यें गुलामगिरी बंद झाली आणि मळेवाल्यांस मजूर हवे झाले. तत्पूर्वीं, 2 नोव्हेंबर 1834 रोजीं, 'अ‍ॅटलस' जहाजानें 36 करारी मजूर कलकत्त्याहून पोर्ट लुईस पोंचले होते. त्यानंतर विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत सुमारें साडेचार लक्ष हिंदी माणसें त्या बेटावर उतरलीं. बहुतेक कलकत्त्याहून, त्यांखालोखाल मद्रासेहून, आणि सर्वांत थोडीं मुंबईहून. मुंबईकडील मराठी मजुरांत रत्नागिरी व आसपासच्या कोंकणपट्टींतील लोकांचा भरणा विशेष. पांच वर्षांचा करार, पुरुषास दरमहा पांच रुपये, आणि एक दिवस गैरहजर राहिल्यास दोन दिवसांचा पगार कापणें, अशी ती व्यवस्था होती. 1871 मध्यें आडोल्फ द प्लेविट्झ या मळेवाल्याच्या साहाय्यानें 9401 मजुरांनीं अर्ज केला, तेव्हां कोठें राजाज्ञेनें चौकशी-मंडळ बसलें.

आतां कागदांकडे वळूं. प्रत्येक आगंतुकाची नोंद सरकारी बुकांत होई: अनुक्रमांक, जहाज, नांव, बापाचें नांव, वय, उंची, जात, अंगावरील खूण, गांव, जिल्हा. 1860 नंतरच्या दशकांत छायाचित्रही आलें. हीं बुकें मोका येथील महात्मा गांधी संस्थेंत जतन केलेलीं आहेत. ज्या कुणब्याचें नांव स्वदेशांतील एकाही बखरींत येणें शक्य नव्हतें, त्याची उंची व कपाळावरील व्रणसुद्धां येथें लिहिलेला आहे. आम्हां सनदा-महजर शोधणाऱ्यांस याचा कांहींसा संकोच वाटावा.

परंतु हीं बुकें वाचण्यास सावधपण हवें. नांवावर तीन संस्कार झालेले असतात. प्रथम, इंग्रजी लिहिणाऱ्या कारकुनानें तें कानानें ऐकलें. रोमन लिपींत त-ट, द-ड, न-ण, ल-ळ यांचा भेद राहत नाहीं. शिवाय ऱ्हस्व अकारासाठीं तेव्हां बहुधा उकाराचेंच अक्षर लिहीत. म्हणून 'गुन्नू' असें दिसणारें नांव आमचा 'गणू' असूं शकतो. दुसरें, बेटावर तेंच नांव फ्रेंच वळणानें उच्चारलें गेलें. त्यांत 'ह' लोपतो, आणि 'हरी'चा 'अरी' होतो. तिसरें, मजुरानें आपलें आडनांव सांगितलें नाहीं किंवा तें लिहून घेतलें गेलें नाहीं, त्यामुळें पूर्वजाचें व्यक्तिनामच वंशजांचें आडनांव झालें. तेथील मराठी घराण्यांत 'जी'नें संपणारीं आडनांवें आढळतात त्याचें मूळ येथें आहे. केवळ आडनांवावरून कुळी ठरवूं जाणारा निश्चित फसेल. गांवाच्या नांवाचीही हीच गत.

या बुकांस स्वतंत्र पुरावाही आहे, व तो मुखांत आहे. तेथील मराठी लोकांचा 'झाकरी' नांवाचा नृत्यगायनप्रकार म्हणजे गौरीगणपतींत फेर धरून नाचली जाणारी कोंकणची 'जाखडी' होय. देशावरील किंवा आमच्या वऱ्हाड-नागपुराकडील मनुष्य हा शब्द नेता ना. भोजपुरी व क्रिओल यांच्या गर्दींत बोली क्षीण झाली, पण नाचाचें नांव टिकलें, आणि तें सरळ रत्नागिरीकडे बोट दाखवितें. गणेशचतुर्थीस तेथें सार्वजनिक सुटी असते व शाळांतून मराठी शिकविली जाते.

बेटाच्या अर्थव्यवहाराची दिशाही साखरेनेंच ठरविली. युरोपांतील बीटाच्या साखरेनें भाव पडले तेव्हां हिंदुस्थान हें मॉरिशसचें मोठें गिऱ्हाईक होतें. 1867 मध्यें मुंबईचा लोहमार्ग नागपुरास पोंचल्यावर एकीकडे हिंगणघाटचा कापूस बंदराकडे जाऊं लागला व बंदरांतील माल इकडे येऊं लागला. 'मोरस' शब्द आमच्या समुद्रहीन मुलखांत रुजण्याचा मार्ग बहुधा हाच. 12 मार्च 1968 रोजीं मॉरिशस स्वतंत्र झालें. 1970 पासून निर्यातीच्या कापडधंद्यास उत्तेजन मिळालें. 1975 च्या करारानें युरोपांत साखरेस हमीभाव होता, तो 2009 मध्यें संपला. आज प्रवासी, कापड व पेढीव्यवहार यांवर त्याचा निर्वाह मुख्यतः चालतो, तरी लागवडीखालील बहुतेक जमिनींत ऊसच उभा आहे.

1975 च्या जानेवारींत वर्ध्याच्या राष्ट्रभाषा प्रचार समितीच्या पुढाकारानें नागपुरास विश्व हिंदी संमेलन भरलें, तेव्हां त्या राष्ट्राचे पंतप्रधान शिवसागर रामगुलाम तेथें आले होते. हिंदीचा धागा असा जोडला गेला. मराठीचा धागा जोडण्याचें काम मात्र संग्राहकांच्या हातीं आहे. मोक्याच्या बुकांत मनुष्य घर सोडल्यानंतर दिसतो. सोडण्यापूर्वींचा तो कोंकणांतील खोतांच्या दप्तरांत, कुळांच्या याद्यांत, मोडी लिपींत असणार. या दोन कागदांची गांठ पडली तरच नातवाच्या हातांतील उताऱ्यावरचें विद्रूप गांव पुन्हां गांव होईल. परंतु तीं दप्तरें वाळवीच्या मुखीं आहेत, आणि मोडी वाचणारे दिवसेंदिवस विरळ होत आहेत. म्हणून संग्राहकांस विनंति कीं, राजमुद्रा नसलेली कुळांची यादी रद्दी म्हणून टाकूं नये. तींतील एखादा 'गणू' समुद्रापलीकडे 'गुन्नू' होऊन वाट पाहत असेल.

अल्लीपूर, जि. वर्धा